तुमचे प्रश्न : सूर्यावरून जाणारा ठिपका

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की १३ नोव्हेंबर २०३२ ला, शनिवारी, बुध सूर्यबिंबावरून सरकताना (यालाच अधिक्रमण म्हणतात) पुण्यातून दिसेल आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसेल. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली, की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकते आहे. पत्रलेखकांची नावं छापत नाही, पेठ-उपनगर पुरे.

शुक्राचं अधिक्रमण २००४ ला झालं, लगेच २०१२ ला झालं आणि आता म्हणे एकदम २११७. मधली शंभर वर्षं शुक्र जातो कुठे? (नारायण पेठ)

कुठेही जात नाही. साधारण दर ५८४ दिवसांनी तो पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जातोच जातो. पण त्याची कक्षा आपल्या कक्षेशी ३.४ अंशांचा कोन करते, त्यामुळे बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. दोन्ही कक्षांच्या पातळ्या एकमेकींना छेदतात त्या रेषेवर पृथ्वी जूनच्या आणि डिसेंबरच्या पूर्वार्धात येते. नेमकं तेव्हाच शुक्रानेही मध्ये यायला हवं. हा योग आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतो आणि मग एकदा साडेएकशे पाच, एकदा साडेएकशे एकवीस वर्षांची दांडी. पुढची जोडी ११ डिसेंबर २११७ आणि ८ डिसेंबर २१२५. २११७ ला पुण्यात सूर्य उगवेल तोच शुक्राचा ठिपका घेऊन, थेट २०१२ सारखा. पणतवंडांसाठी कुठेतरी लिहून ठेवा.

बुधाची कक्षा सात अंशांनी कललेली, म्हणजे खरं तर जास्तच तिरकी. पण तो सूर्याभोवती भराभर फिरतो आणि सूर्याच्या जवळही आहे, त्यामुळे शतकात तेरा-चौदा वेळा त्याचं जमतं.

२००४ साली मी चौथी पास होऊन पाचवीत जाणार होते. आमच्या वाड्याच्या गच्चीवर एका काकांनी दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडली होती. दर अर्ध्या तासाने आम्ही पोरं शुक्राच्या जागी ठिपका काढून शेजारी वेळ लिहायचो. तो कागद परवा आईच्या कपाटात सापडला. पुस्तकात शुक्राची वाट सरळ रेघ दाखवतात, आमची मात्र बारा-एकच्या दरम्यान गर्रकन वळली आहे. आमचं चुकलं होतं का? (कर्वेनगर)

मुळीच नाही. या महिन्यातलं मला सर्वांत आवडलेलं पत्र हे, म्हणून उत्तर जरा लांबणार.

८ जून २००४, मंगळवार. आपल्याकडे पावणेअकराच्या सुमारास शुक्र सूर्याच्या कडेला टेकला आणि पाचच्या जरा आधी बाहेर पडला. हे सहा तास सूर्य पुण्याच्या आकाशात कुठे होता, ते आठवा. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकून जातो. ८ जूनला दुपारी साडेबारानंतर दोन-चार मिनिटांनी तो खस्वस्तिकापासून, म्हणजे बरोब्बर डोक्यावरच्या बिंदूपासून, अवघ्या चार-साडेचार अंशांवर होता.

आता तुमच्या काकांची दुर्बीण. ती बहुधा साध्या स्टँडवर असणार, वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या. अशा दुर्बिणीला आकाशातलं ‘वर’ म्हणजे डोक्यावरची दिशा. सूर्य पूर्वेकडून डोक्यावर चढला आणि उत्तरेला वळसा घालून पश्चिमेला उतरला, तर दुर्बिणीला तासाभरात जवळजवळ उलट तोंड करावं लागतं. त्या तासाभरात कागदावरचं सूर्यबिंब स्वतःभोवती फिरतं. बिंब गोल असल्यामुळे ते फिरलेलं कळत नाही, पण त्याच्यावरचा शुक्र बिंबाबरोबर फिरतो आणि तुमचे ठिपके वळण घेतात. शुक्र सरळच चालला होता, फिरत होता तो तुमचा कागद आणि सूर्य यांच्यातला संबंध.

एक गोष्ट तपासून पाहा. सूर्य इतका वर असताना दुर्बिणीचं तोंड आभाळाकडे आणि नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) खाली जमिनीकडे, म्हणजे दुपारी कागद गच्चीवर आडवाच ठेवावा लागला असणार. साडेबारा-एकच्या ठिपक्यांशेजारी लिहिलेले आकडे नीट बघा. खाली कोबा असेल तर पेन्सिल तिथे अडखळलेली, अक्षर खडबडीत उमटलेलं दिसेल. आणि एखाद्या ठिपक्यापाशी कागद आरपार टोचलाही असेल.

वाट सरळ करून घ्यायची असेल तर प्रत्येक ठिपक्याबरोबर पूर्व-पश्चिम दिशा लागते. ती मिळवणं सोपं आहे. दुर्बीण हलवायची नाही, बिंबाला आपोआप सरकू द्यायचं. ज्या दिशेने ते कागदावरून घसरत जातं ती पश्चिम. साधारण दोन मिनिटांत बिंब स्वतःच्या रुंदीएवढं सरकतं. तेवढ्यात एक रेघ मारून घ्यायची. दर वेळी ही रेघ असेल तर नंतर घरी बसून सगळे ठिपके एका दिशेला लावता येतात. तुमच्याकडे रेघा नसल्या तरी वेळा लिहिलेल्या आहेत, आणि वेळेवरून प्रत्येक ठिपका किती अंशांनी फिरवायचा ते गणिताने काढता येतं. बारावीचं त्रिकोणमितीचं पुस्तक पुरेल. कागदाला कृपा करून लॅमिनेशन करू नका.

सून गरोदर आहे. अधिक्रमणाचे वेध पाळायचे असतात का? (धनकवडी)

नाही. २०३२ ला नातवंड सहज शाळेत जात असेल, तेव्हा त्यालाच दुर्बिणीपाशी घेऊन या. शुक्र आडवा आला तेव्हा सूर्याचा जेमतेम हजारावा भाग झाकला गेला. बुध तर लाखातले दोन-तीन भाग झाकतो. उपकरणांशिवाय कुणाच्या लक्षातही येणार नाही. (दूरच्या ताऱ्यांचा उजेड असाच चिमूटभर कमी होतो त्यावरून त्यांचे ग्रह शोधतात. २००९ मध्ये सोडलेल्या केपलर दुर्बिणीने तेच केलं.) २०१२ ला पर्वतीवर एका आजींनी पडद्यावरचा ठिपका बघून हात जोडले आणि म्हणाल्या, “तीट लावलीय हो सूर्याला, दृष्ट लागू नये म्हणून.” माझ्या मते वेधांपेक्षा हे फार बरं.

आमच्या सोसायट्या मिळून २०३२ ला सार्वजनिक कार्यक्रम करावा म्हणतो. चार दुर्बिणी भाड्याने आणून रांग लावली तर चालेल का? पिनहोल कॅमेरे करून वाटावेत असंही सुचलं आहे. (सहकारनगर)

आत्तापासून ठरवताय, कौतुक आहे. पण रांग लावू नका. हे मी अगदी हट्टाने सांगते.

६ जून २०१२ ला शुक्र सूर्योदयाआधीच बिंबावर आलेला होता आणि आपल्याला तो सहाच्या सुमारास उगवत्या सूर्यावरच दिसणार होता, म्हणून हडपसरच्या बाजूचं क्षितिज मोकळं मिळावं यासाठी आम्ही काही जण पहाटेच पर्वती चढलो. सूर्य ढगातून वर आला तोवर रोजचे फिरायला येणारे, देवदर्शनाचे, पायऱ्या चढून व्यायाम करणारे असे सगळे जमले. एका दुर्बिणीला पुढून फिल्टर लावून रांग केली होती. रांग पार पायऱ्यांवर उतरली. प्रत्येकाला नेत्रिकेशी पाच-सात सेकंद. “दिसलं?” “हो हो, दिसलं.” आणि पुढचा. अर्ध्याअधिक जणांनी नक्की काय पाहिलं, देव जाणे. कुणी तर नेत्रिकेत स्वतःच्या पापण्याच पाहिल्या असतील! मध्येच ढग आला की रांगेतल्यांची चिडचिड आणि दुर्बिणीवाल्याला बोलणी.

नंतर आमच्यातल्या एकाने दुसऱ्या छोट्या दुर्बिणीतून प्रतिमा पांढऱ्या कार्डशीटवर पाडली, वर पुठ्ठ्याची सावली केली, आणि तमाशा पालटला. दहा-बारा माणसं एकदम वाकून बघायला लागली, एकमेकांना बोटाने दाखवायला लागली, वाद घालायला लागली. ठिपका पुढे सरकलाय की नाही यावर दोन काकांची पैज लागली आणि ती निकालात काढायला ते वीस मिनिटं थांबले. अधिक्रमण हे ग्रहणासारखं नाही. त्यात अंधार पडत नाही, पक्षी घरट्याकडे वळत नाहीत, अंगावर काटा येईल असं काही घडत नाही. त्यातलं पाहण्यासारखं एकच, ठिपका सरकतो. पाच सेकंदांच्या दर्शनात तेवढंच नेमकं निसटतं.

आणि २०३२ चा पाहुणा बुध आहे, हे विसरू नका. शुक्राचं बिंब सूर्याच्या सुमारे तेहतिसाव्या भागाएवढं होतं, ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांनीही तो दिसला. बुध त्या वेळी सूर्याच्या दोनशेव्या भागाच्या आसपास असेल. चष्म्यातून तो दिसणार नाही आणि पिनहोलमधून तर नाहीच नाही, कारण पिनहोलची प्रतिमाच त्याच्यापेक्षा जास्त धूसर असते. ९ मे २०१६ ला संध्याकाळी पावणेपाचला बुधाचं अधिक्रमण सुरू झालं तेव्हा आमच्या इमारतीच्या गच्चीवर “दुर्मिळ, दुर्मिळ” म्हणून बोलावलेली मंडळी पडद्याकडे बघून एकसुरात म्हणाली, “एवढाच?” त्यांचं चूक नव्हतं. आधी सांगायला हवं, की ठिपका मिलिमीटरभराचा असणार.

तेव्हा माझा सल्ला असा. ६० ते ८० मिलिमीटर भिंगाच्या साध्या दुर्बिणी घ्या, आरशाच्या मोठ्या दुर्बिणी प्रतिमा पाडायला वापरू नका, आतलं सामान तापून बिघडतं. प्रतिमा २० सेंटीमीटर व्यासाची होईल इतका कागद दूर धरा. स्टीलची ताटली ठेवून वर्तुळं आधीच काढून ठेवा. बुध त्यावर जेमतेम एक मिलिमीटरचा, पण दहा मिनिटांत तो सुमारे सहा मिलिमीटर सरकेल, म्हणजे ज्याला दहा मिनिटं धीर धरवेल त्याला ग्रह चालताना दिसेल. प्रत्येकाला एक कागद, एक पेन्सिल द्या. आला की पहिला ठिपका आणि वेळ, मग चहा पिऊन या, दुसरा ठिपका. सूर्यावर डाग असले तर लोक गोंधळतील. डागाच्या कडा अस्ताव्यस्त आणि भोवती फिकट किनार असते. बुध मात्र काळाकुट्ट, गोल, कडेने स्वच्छ, आणि डाग जागेवर बसलेले असताना तो त्यांना मागे टाकून निघून जातो.

एक फिल्टरची दुर्बीण ठेवाच, पण फिल्टर पुढच्या तोंडावर पक्का बसवलेला हवा. नेत्रिकेत स्क्रूने बसवायची काळी काच मिळते ती कचऱ्यात टाका, उष्णतेने ती तडकते. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून बघायचं नाही, चष्मा क्षणात जळतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे इजा झाल्याचं नंतरच समजतं. दुर्बिणीवरची छोटी शोधक दुर्बीण काढून ठेवा नाहीतर तिचं तोंड चिकटपट्टीने बंद करा, मुलं हमखास तिलाच डोळा लावतात. आणि प्रत्येक दुर्बिणीपाशी एक माणूस फक्त पहाऱ्याला.

वेळ सव्वाबाराच्या जरा आधीपासून साडेचारच्या पुढेपर्यंत. सुरुवातीला सूर्य दक्षिणेला चांगला वर असेल, नंतर नैर्ऋत्येकडे उतरेल, तेव्हा दक्षिण आणि पश्चिम मोकळी असलेलं मैदान बघा. तोवर तिथे टॉवर उभा राहणार नाही ना, तेही विचारून घ्या! दिवाळी होऊन गेलेली, तुळशीच्या लग्नांचे दिवस जवळ, शनिवार, आणि जूनसारखं पावसाचं सावट नाही.

जुन्या काळी यासाठी लोक जगभर का धावत? पुण्याचा काही संबंध? (प्रकल्पासाठी, शुक्रवार पेठ)

सूर्य किती दूर आहे हे मोजायला. पृथ्वीवरच्या दोन लांबच्या ठिकाणांहून शुक्र सूर्यबिंबावर किंचित वेगळ्या वाटेने जाताना दिसतो, त्या फरकावरून अंतर काढता येतं, ही एडमंड हॅलीची १७१६ मधली मांडणी. फ्रान्सचा ल जांतील १७६१ साठी पाँडिचेरीला निघाला, तोवर ते इंग्रजांनी घेतलं होतं, बिचारा डुलत्या जहाजावर अडकला. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षं पूर्वेकडेच राहिला आणि १७६९ ला पाँडिचेरीत ऐन वेळी ढग आले. मायदेशी परतला तर तिथे त्याला मृत धरून चालले होते.

पुण्याचा थेट संबंध अधिक्रमणाशी नाही, पण सूर्याशी आहे. इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत, कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. तिथे २० इंची दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण त्यांनी जेऊरला जाऊन अभ्यासलं. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. प्रकल्पासाठी आणखी हवं असेल तर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेकडे विचारा. १९४४ पासून ही हौशी मंडळी पुण्यात आकाश दाखवताहेत.

वडिलांची पक्षी बघायची दुर्बीण आहे. तिने बुध दिसेल का? (वारजे)

डोळे लावून अजिबात नाही, आणि तिला सूर्याकडे वळवण्याआधी घरातल्या पोरांना बाजूला करा. प्रतिमा पाडायला मात्र उपयोगी. एका भिंगावर झाकण घट्ट बसवा, दुसऱ्यातून उजेड मागच्या पांढऱ्या कागदावर पडू द्या. नेम धरायला डोळा लावायचा नाही, दुर्बिणीची जमिनीवरची सावली सर्वांत लहान झाली की ती सूर्याकडे वळली असं समजा. हातात धरू नका, ट्रायपॉडला पक्की बांधा. एका वेळी दोन-तीन मिनिटंच, मग झाकून थंड होऊ द्या. शुक्र हिने झकास दिसला असता. बुधाला प्रतिमा लहान पडेल, पण पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं असेल आणि कागदाभोवती खोक्याचा अंधार केला तर बारीक ठिपका हाती लागायला हरकत नाही. आधी सूर्यावरच्या डागांवर सराव करा, असले तर ते आजही दुपारी दिसतील.