सायबर शंका: अँटिव्हायरस आहे की, मग अजून काय?

प्रश्न: मकरपुऱ्यात आमची छोटी फॅक्टरी, ६० कॉम्प्युटर, आयटीत मी एकटाच. मोठ्या कस्टमरने फॉर्म पाठवलाय, त्यात विचारलंय एसआयईएम आहे का, २४ तास मॉनिटरिंग कोण करतं. साहेब म्हणतात अँटिव्हायरस आहे की! काय लिहू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: अहो, जे खरं आहे तेच लिहा, नंतर ऑडिटला पुरावा मागतात. अँटिव्हायरस एकेका मशीनपुरतं बघतो, एसआयईएम (SIEM) हे सॉफ्टवेअर फायरवॉल, सर्व्हर, मेल सगळ्यांचे लॉग, म्हणजे कधी काय झालं त्याच्या नोंदी, एका जागी आणून त्यांचा मेळ घालतं, म्हणजे रात्री २ वाजता अकाउंट्सवाल्याच्या नावाने लॉगिन झालं आणि लगेच सर्व्हरवरून भसाभस डेटा बाहेर चालला तर अलर्ट येतो. पण तो बघायला माणूस हवा ना, तुम्ही झोपणार कधी? वाझू (Wazuh) नावाचं असं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण सेटिंगला वेळ खातं, आणि रात्रपाळीसाठी बाहेरची एसओसी टीम, म्हणजे असे अलर्ट बघत बसणारी माणसं, महिन्याच्या फीवर घेतलेली बरी. साहेबांना मात्र सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश दाखवाच, ठरावीक प्रकारचे हल्ले कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचे, लॉग १८० दिवस ठेवायचे. आणि सगळ्या मशीनची घड्याळं आधी जुळवा, नाहीतर लॉगचा काही ताळमेळच लागत नाही.