दोन प्लॉटना सारख्याच लांबीचे कुंपण लागत असेल, तर त्यांचे क्षेत्रफळही सारखेच असते का?

नाही, परिमिती समान असली तरी क्षेत्रफळ समान असेलच असे नाही. 132 फूट कुंपणात 33 फूट बाजूचा चौरस 1089 चौरस फूट, म्हणजे नेमका एक गुंठा भरतो, तर तेवढ्याच कुंपणातला 50 बाय 16 फुटांचा आयत जेमतेम 800 चौरस फुटांचा होतो. लांबी 17 फुटांनी वाढवून रुंदी तितकीच घटवली की गुणाकार (33 + 17) × (33 − 17), म्हणजेच 33² − 17² असा होतो आणि 17 च्या वर्गाइतके, 289 चौरस फूट, क्षेत्र कमी होते. मात्र हा हिशेब चारही कोन काटकोन असतील तरच लागू पडतो. समोरासमोरच्या बाजू समान असूनही दोन्ही कर्णांची मापे वेगळी आली, तर लांबी गुणिले रुंदी हे उत्तर प्रत्यक्षाहून जास्त येते.