हँडबिलावर क्यूआर कोड छापावा का? छापा, पण आधी त्याच्या मागचं पान तयार ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत साड्यांचं दुकान आहे, दिवाळीसाठी पाच हजार हँडबिलं छापायची आहेत. छापखानावाले म्हणतात क्यूआर कोड टाका, घरातले काका म्हणतात आपल्याकडे कोण स्कॅन करतंय, जागा फुकट जाईल. टाकायचा की नाही, आणि टाकला तर कसा?

मी बेळगावात एका छापखान्यात डिझाइनपासून प्लेट निघेपर्यंतचं काम बघते. हँडबिलं, लग्नपत्रिका, मंडळांच्या अहवालपुस्तिका, फ्लेक्स, सगळंच हाताखालून जातं. माझं उत्तर आहे, टाका. मात्र कोड स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाला काय दिसणार, हे आज ठरलेलं नसेल तर या खेपेला टाकू नका. कोड तयार करायला दोन मिनिटं पुरतात, म्हणून तो बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी कोपऱ्यात चिकटवला जातो आणि उघडून बघावं तर दुकानाचं नाव आणि पत्ता, म्हणजे हँडबिलावर आधीच छापलेलं तेच पुन्हा. ज्याने एकदा स्कॅन करून काहीच नवं पाहिलं नाही, तो तुमचा पुढचा कोड स्कॅन करणार नाही.

काकांचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. पेपरात घालून गेलेलं हँडबिल घरात आधी ज्येष्ठ मंडळी वाचतात. त्यांच्यासाठी दुकानाचं नाव, कुठल्या पेठेत, कुणाच्या शेजारी, फोन नंबर आणि सेलच्या तारखा ठळक हव्यात. कोड झाकला तरी हँडबिल पूर्ण वाटलं पाहिजे. कोड आहे तो ज्याला आणखी बघायचंय त्याच्यासाठी. साडीच्या बाबतीत असं माणूस भरपूर असतं, कारण पाच हजार कागदांवर तुम्ही चार-सहा साड्यांचे फोटो छापाल आणि गिऱ्हाइकाला हवा असतो तोच काठ दुसऱ्या रंगात.

आपल्या भागात एक अडचण हमखास येते. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि काही वर्षांत भाजीवालीच्या टोपलीपासून रिक्षापर्यंत सगळीकडे कोड लागले. त्यामुळे कोड दिसला की लोकांच्या मनात पहिला विचार येतो पैसे द्यायचा. हँडबिलावर नुसता कोड पाहून लोक दचकतात, काहींना तर फसवणूक वाटते. म्हणून कोडाशेजारी एक ओळ हवीच, आणि ती निपाणीसाठी दोन्ही भाषांत हवी. मराठीत ‘साड्यांचे फोटो आणि किमती बघण्यासाठी फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा’, आणि खाली कन्नड लिपीत तेच, म्हणजे ‘सीरेगळ फोटो नोडलु स्कॅन माडि’ असं काहीतरी. कन्नड मजकूर मात्र कन्नड लिहिणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. ‘फोनच्या कॅमेऱ्याने’ हे शब्द मी मुद्दाम घालते. पुष्कळ लोक सवयीने पैशांचं अ‍ॅप उघडून स्कॅन करतात, आणि तिथे वेबसाइटचा कोड चालला नाही की तुमचाच कोड बिघडलाय असं समजून पुढे जातात.

पैसे घ्यायचा कोड हँडबिलावर छापू नका, तो दुकानाच्या गल्ल्यावरच बरा. मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर किंवा देवस्थानच्या पत्रकावर तो छापावा लागतो, तेव्हा खात्यावर जे नाव दिसतं ते शेजारी छापायला मी सांगते, म्हणजे देणाऱ्याला पडद्यावरचं नाव जुळवून बघता येतं.

आता मागचं पान, म्हणजे कोड स्कॅन केल्यावर फोनवर उघडणारं. तुमचं गिऱ्हाईक एका भाषेचं नाही. कागल-गडहिंग्लजकडून येणारं मराठी, हुक्केरी-चिकोडीकडून येणारं बरंचसं कन्नड, आणि गावातली कितीतरी घरं दोन्ही बोलणारी. हँडबिलावर सगळा मजकूर दोन किंवा तीन भाषांत बसवायला गेलं की अक्षर इतकं बारीक होतं की कुणालाच वाचवत नाही. माझ्या मते इथे कोडाचा आपल्याला इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त उपयोग आहे. कागदावर दोन्ही भाषांत मोजका मजकूर ठेवा, आणि मागच्या पानावर वरच दोन ठळक बटणं द्या, मराठी आणि कन्नड. ज्याला जे सोयीचं ते त्याने निवडावं. दुकानाच्या नामफलकाचंही तसंच. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर व्यापारी फलकावर साठ टक्के कन्नड हवं, उरलेल्या जागेत मराठी बारीक होऊन बसते. दाराच्या काचेवर हाताच्या उंचीला लावलेला एक कोड मराठी वाचणाऱ्याला पूर्ण माहिती त्याच्या भाषेत देऊ शकतो. आपल्या माणसाला आपल्या भाषेत साडीचं पोत आणि किंमत वाचायला मिळावी, आणि कन्नड गिऱ्हाइकालाही तोच मान मिळावा, हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

पान हलकं ठेवा. वीस-वीस एमबीची पीडीएफ टाकू नका. खानापूरच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात रेंज येते-जाते, आणि अशा भागातलं माणूस दिवाळी-लग्नाच्या खरेदीला मोठ्या गावात येतंच. फोटो लहान करून टाका, किंमत लिहा, अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगू नका, आणि उघडल्याबरोबर नाव-नंबर भरायला लावू नका.

वेबसाइट नसेल तर सर्वांत सोपा रस्ता म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपची थेट लिंक. स्कॅन केलं की तुमच्या दुकानाच्या नंबरवर चॅट उघडतं, आणि बिझनेस खात्यात कॅटलॉग भरलेला असेल तर साड्या तिथेच दिसतात. लहान दुकानाला मी बहुधा हेच सुचवते. पण यात मराठी माणसालाच लागणारी एक ठेच आहे. अशा लिंकमध्ये आधीच लिहिलेला निरोप घालता येतो, आणि सगळे हौसेने तिथे मराठी वाक्य घालतात. देवनागरीचं एकेक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, संगणकात तीन बाइटचं असतं, आणि लिंकमध्ये बसवताना त्या प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. एका चिन्हामागे नऊ अक्षरं! नुसत्या नंबरची लिंक सव्वीस अक्षरांत बसते आणि तिचा कोड २५ बाय २५ चौकोनांचा होतो. त्यात तीसेक चिन्हांचं मराठी वाक्य घातलं की कोड ६९ बाय ६९ वर जातो. अडीच सेंटिमीटर रुंदीत छापलं तर पहिल्या कोडाचा एक चौकोन एक मिलिमीटरचा, दुसऱ्याचा जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरचा. हँडबिलाच्या पातळ कागदावर शाई थोडी पसरतेच, आणि ते बारीक चौकोन एकमेकांत मिसळतात. म्हणून निरोप एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा इतकाच ठेवा, स्वागताचं मराठी वाक्य व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वयंचलित उत्तरात घाला.

त्या अक्षराचा आणखी एक फायदा. पेपरात घालायच्या गठ्ठ्यासाठी ‘एन१’, दुकानात वाटायच्या गठ्ठ्यासाठी ‘एन२’, चिकोडीला पाठवायच्या गठ्ठ्यासाठी ‘सी१’, असे वेगळे कोड केले तर कुठल्या वाटपातून विचारणा आली ते तुम्हाला निरोपातूनच कळतं. छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट असते, त्यासाठी फक्त काळ्याची बदलावी लागते, खर्च थोडा वाढतो. पुढच्या दिवाळीला कुठे किती हँडबिलं वाटायची हे तुम्ही अंदाजाने ठरवणार नाही, आणि काकांच्या शंकेचंही उत्तर मिळेल.

‘डायनॅमिक’ कोड फुकट करून देणाऱ्या वेबसाइटबद्दलही सांगते. साधा कोड म्हणजे पत्ता थेट चौकोनांत लिहिलेला असतो. तो कधी संपत नाही आणि कुणाच्या परवानगीचा मोहताज नसतो. डायनॅमिक कोडात त्या कंपनीचा छोटा पत्ता असतो, तिथून माणूस तुमच्या पानाकडे वळवला जातो. मागचं पान नंतर बदलता येतं, किती जणांनी स्कॅन केलं ते मोजता येतं, हे खरे फायदे आहेत. पण फुकट मुदत संपल्यावर वळवणं बंद करणाऱ्या सेवा आहेत, आणि तोवर पाच हजार कागद लोकांच्या घरी गेलेले असतात. स्वतःच्या नावाची वेबसाइट असेल तर तिच्याच एका छोट्या पत्त्याचा साधा कोड करा आणि तिथून हवं तिकडे वळवा. दोन्ही सोयी मिळतात, चावी तुमच्याकडे राहते.

छपाईचं बोलायचं तर पहिली गोष्ट म्हणजे डिझायनरला व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कोडाची इमेज देऊ नका. ती दाबून आलेली असते, मोठी केली की कडा फाटतात. एसव्हीजी किंवा पीडीएफ फाइल द्या, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कितीही मोठी केली तरी कड स्वच्छ राहते. दुसरी, कोड फक्त काळ्या प्लेटवर, शंभर टक्के ‘के’, म्हणजे निव्वळ काळी शाई. चार रंग मिसळून केलेला काळा पडद्यावर छान दिसतो, पण मशीनवर रजिस्टर, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं तरी प्रत्येक चौकोनाला रंगीत सावली पडते. डिझायनरला हे आधी सांगा, नंतर प्लेट निघालेली असते. तिसरी, कोडाच्या चारही बाजूंना चार चौकोनांइतकी कोरी जागा सोडावी लागते. आमच्याकडे येणाऱ्या डिझाइनमध्ये सर्वांत जास्त बळी याच जागेचा जातो, कारण झालर, पणत्या, रांगोळी सगळं तिच्यात घुसतं.

मरून रंगावर सोनेरी कोड लग्नपत्रिकेत मागतात, साड्यांच्या हँडबिलातही मागतील. नको. पांढऱ्यावर काळाच. काळ्यावर पांढरा असा उलटा कोड काही जुन्या फोनना वाचता येत नाही. मध्ये दुकानाचा लोगो घालायचा असेल तर कोड करताना ‘एच’ पातळी निवडा. कोडात दुरुस्तीची माहिती जास्तीची भरलेली असते. ‘एल’ पातळीत सुमारे ७ टक्के भाग खराब झाला तरी चालतं, ‘एम’मध्ये १५, ‘क्यू’मध्ये २५, ‘एच’मध्ये ३०. हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी केला. कारखान्यात कागदाला तेल लागणार, मळणार, हे धरूनच तो बांधलाय. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही ही गरज लगेच पटेल. डेन्सो वेव्हने पेटंट असूनही कुणाकडून पैसे मागितले नाहीत, म्हणूनच आज निपाणीतलं दुकान तो विनाखर्च छापू शकतं. मात्र पातळी वाढवली की चौकोनही वाढतात, म्हणून लोगोशिवाय ‘एम’ पुरे.

हँडबिल घडी घालून पेपरात जातं, ती घडी कोडावरून जाऊ देऊ नका. खाली उजव्या कोपऱ्यात, घडीपासून लांब, अडीच सेंटिमीटरचा एकच कोड. नकाशाचा वेगळा, इन्स्टाग्रामचा वेगळा, असे तीन ओळीने लावले की फोन भलताच पकडतो.

फ्लेक्सही करणार असाल तर अंतराच्या एक दशांश रुंदी हा ढोबळ हिशोब धरा, तीन मीटरवरून स्कॅन करायचा तर तीस सेंटिमीटरचा कोड. बसस्टँडसारख्या, माणूस उभा राहतो अशा ठिकाणी तो चालेल. हायवेवर खांबाच्या टोकाला लावलेल्या फ्लेक्सवर कोड नको, गाडी चालवणाऱ्याने तो स्कॅन करायला जाऊच नये. तिथे फोन नंबर मोठा करा.

प्रूफ आलं की ते संगणकावर बघून होकार देऊ नका. त्याच कागदावर, खऱ्या मापात एक प्रत काढून घ्या. चार घड्या घाला, उलगडा, संध्याकाळी दुकानाच्या दिव्यात घरातल्या सर्वांत जुन्या फोनने स्कॅन करा. आणि काकांच्या हातात द्या, काही न सांगता. त्यांना कोडाशेजारची ओळ वाचून काय करायचं ते कळलं आणि साडीचा फोटो उघडला, तर छापायला सांगा.

दिवाळी झाल्यावर पान बंद करू नका. हँडबिलं लगेच टाकली जात नाहीत, डब्याखाली घातली जातात, वहीत राहतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईची खरेदी सुरू होते. संपलेल्या सेलच्या जागी लग्नाचे शालू आणि आहेराच्या साड्या लावा, जुन्या किमती काढून टाका. वेबसाइट नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगमध्ये हेच करा, आणि नंबर मात्र बदलू नका.