नुसत्या मुठीवरून तलवारीचं मूळ ठरवू नकोस

चोर बाजारातली तुझी तलवार फोटोत छान दिसतेय. मूठ राजस्थानी वळणाची आहे, पण पातंही तिकडचंच असं धरून चालू नकोस. आपल्याकडे मूठ एका मुलखातली, पातं दुसऱ्या मुलखातलं, हे सर्रास चालायचं. उदाहरणार्थ, मराठ्यांची फिरंग ही तलवारच बघ: मूठ इथली, सरळ पातं बहुधा युरोपातून आलेलं. म्हणून आधी पात्याची वक्रता, जाडी, मुठीजवळचे शिक्के बघ. गंज पॉलिश पेपरने घासू नकोस, कृपा कर! शिक्के आणि पोलादातलं जौहर, म्हणजे पात्यावर दिसणारी लहरींसारखी नक्षी, दोन्ही पुसट होतात. हलकं तेल पुरे. मूठ बहुतेकदा लाखेने बसवलेली असते, तीही तापवून काढू नकोस. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या शस्त्रदालनात जाऊन निवांत ताडून बघ. आणि शंभर वर्षांहून जुनी निघाली, तर पुरातन वस्तूंबाबतच्या १९७२ च्या कायद्यानुसार ती परदेशी विकता येणार नाही.