छपरावरचं पाणी

प्रश्न : सर, स्लोव्हेनियातल्या श्टान्येल या टेकडीवरच्या गावात नदी नाही, मग लोक पाणी कुठून आणत? – एक वाचक, आष्टी (जि. बीड)

उत्तर : छपरावरून! हे गाव ज्या कार्स्ट नावाच्या पठारावर आहे, तिथल्या चुनखडीत पाऊस पडताच जिरतो. म्हणून तिथल्या जुन्या घराला दगडी लाद्यांचं छप्पर, दगडीच पन्हळ आणि खाली हौद. गावात किल्ला आहे, सेंट डॅनिएलचं चर्च आहे. मला मात्र ती पन्हळ सगळ्यांत मोलाची वाटते. वास्तुकार माक्स फाबियानी यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उतारावर फेरारी बाग रचली, तीही साठवलेल्या पावसाच्या भरवशावर. आत लंबगोल तळं आणि पूल. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण पाहिलंय. तेव्हा भाऊ, मृगाआधी पत्र्याला पन्हळ लावाच. पहिला पाऊस वाहू द्या, मग हौदात घ्या.