क्लँग, क्लँक, क्लिंक : तिन्हीला 'खणखणाट' कसं चालेल?

प्रश्न : नमस्कार. लेकीच्या सहावीच्या इंग्लिशच्या पुस्तकात लोहाराच्या गोष्टीत 'क्लँग' शब्द आलाय. डिक्शनरीत अर्थ दिलाय खणखणाट. तिथंच खाली 'क्लँक' बघितलं तर परत खणखणाट, आणि 'क्लिंक'ला पण जवळजवळ तेच. लेक म्हणते, आई तीन शब्दांना एकच अर्थ कसा? मला काही सांगता येईना. आणि 'खणखणीत आवाज'ला क्लँगिंग व्हॉइस म्हटलं तर चालेल का? (एक वाचक, कसबा पेठ)

उत्तर : ताई, लेकीची शंका अगदी बरोबर आहे, अडलंय ते डिक्शनरीचं. घरात लोखंडी किंवा पितळी खलबत्ता असेल तर तो काढा आणि तिला समोर बसवा. रिकाम्या खलात बत्ता एकदा जोरात आपटा, ठण्ण असा आवाज होईल आणि बत्ता उचलला तरी कानात घुमत राहील, तो क्लँग. आता खल दुसऱ्या हातानं बाहेरून गच्च धरा आणि परत मारा, लोखंड तेच, जोर तोच, पण आवाज ठक् करून तिथंच मरतो, तो क्लँकच्या जवळचा. साखळदंड ओढत नेताना किंवा जुन्या बादलीची कडी आपटताना होतो तो खास क्लँक. आणि क्लिंक म्हणजे बारीक, दोन नाणी एकमेकांवर किंवा काचेचे दोन ग्लास हलकेच टेकवले की येतो तो.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की अर्थ शब्दाच्या शेवटातच बसलाय. क्लँग म्हणून बघा, शेवटी आवाज नाकात जाऊन घुमतो, पाहिजे तेवढा लांबवता येतो. क्लँकच्या शेवटी 'क्'नं दार लावून टाकलं की संपलं. आणि आपली मराठी नेमकं हेच करते, आपल्याला फक्त कधी जाणवत नाही! ठणठण आणि ठकठक, खणखण आणि खटखट, टणटण आणि टकटक. 'ण' आला की धातू घुमतोय, 'क' किंवा 'ट' आला की आवाज जागच्या जागी थांबला. म्हणजे लेकीला सांगायचं की क्लँगला ठण्ण आणि क्लँकला खट्, तिला लगेच कळेल.

मग खणखणाट कुठं गेला? तर तो एका आवाजाचा शब्दच नाही. गडगडाट, कलकलाट, तसा खणखणाट, म्हणजे एकामागून एक चालूच. त्याला इंग्लिशमध्ये वेगळा शब्द आहे, क्लँगर. मूळ लॅटिन, आणि लॅटिनमध्ये तो रणशिंगाच्या आवाजाला तर होताच पण हंसांच्या ओरडण्यालाही वापरत. तुम्ही कसब्यातच राहता तर लेकीला एकदा तांबट आळीत घेऊन जा. लांबून नुसता क्लँगर ऐकू येतो, आणि जवळ जाऊन मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं ठोके घालणं, चाललेलं बघितलं की त्यातला एकेक घाव सुटा होतो, हंड्याचा भाग आतल्या लोखंडाला नीट टेकलेला असेल तर टक् असा कोरडा, आणि जरा अधांतरी असेल तर लगेच पत्रा ठण्ण करून बोलतो. मी तिथं उभं राहून ऐकलंय, कारागीर त्या आवाजावरूनच भांडं किंचित फिरवून घेतात असं मला वाटलं.

आता क्लँगिंग व्हॉइस. नको, अजिबात नको. मराठीत खणखणीत ही शाबासकी आहे, खणखणीत नाणं, खणखणीत उत्तर. क्लँगमध्ये मात्र कर्कशपणा आहे, कानाला टोचणारं काहीतरी. खणखणीत आवाजाला रिंगिंग व्हॉइस म्हणा. देवळाच्या घंटेचंही तसंच. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या घंटा आपल्याकडच्या देवळांत आल्या, भीमाशंकरला आहे ती त्यातलीच. घंटेच्या काशात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असतं, त्यानं नाद गोड आणि लांब येतो, तिला 'रिंग' शोभतं. तीच घंटा कुणी घाईघाईत दणादणा बडवली तर खुशाल क्लँग म्हणा. पूजेतल्या छोट्या घंटीची किणकिण ती टिंकल, बैलांच्या घुंगरमाळेला जिंगल. रुणझुणला मात्र मला आजवर इंग्लिश शब्द सापडलेला नाही.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत आहे. लंडनचे साहेब कॉलवर म्हणाले 'आय ड्रॉप्ड अ क्लँगर'. काय पडलं त्यांच्याकडून? (एक वाचक, वाकड)

उत्तर : काहीच पडलं नाही हो, ते भलतंच काहीतरी बोलून बसले होते एवढंच. चारचौघांत सगळ्यांच्या लक्षात येईल अशी चूक, म्हणजे शांत घरात रात्री ताट खाली पडावं तशी. हा ब्रिटिश बोलीतला शब्द आहे, अमेरिकन टीमसमोर वापरलात तर बऱ्याच जणांना कळणार नाही. आणि वर ताईंना सांगितला तो क्लँगर वेगळा, दोघांचं स्पेलिंग वेगळं आहे, मेलमध्ये लिहिताना तेवढं बघून घ्या.