वाचकांचे प्रश्न : आफ्रोबीट्सवर रॅप बसवताना

प्रश्न : जे हस या लंडनच्या रॅपरचा ‘कॉमन सेन्स’ हा अल्बम ऐकतोय. याला हिपहॉप म्हणायचं की आफ्रोबीट्स? आणि हे नायजेरियाच्या फेला कुटीचंच संगीत ना?

उत्तर : फेला कुटी आणि ड्रमर टोनी ॲलन यांनी घडवला तो आफ्रोबीट. त्यात जॅझ, फंक, हायलाइफ (घानाचं जुनं नृत्यसंगीत), मोठा वाद्यवृंद आणि दहा-पंधरा मिनिटं चालणारी गाणी. आफ्रोबीट्स हे नायजेरिया आणि घानाचं २००० नंतरचं पॉप. नात्यातलं असलं तरी घर वेगळं.

‘कॉमन सेन्स’ मे २०१७ मध्ये आला आणि ब्रिटनमधल्या अल्बमसाठीच्या त्या वर्षीच्या मर्क्युरी पुरस्काराच्या नामांकनांत होता. जे हस पूर्व लंडनचा, कुटुंब मूळचं गाम्बियाचं; बहुतेक गाण्यांचा निर्माता जे-फाइव्ह घानाई वंशाचा. रॅप आणि आफ्रोबीट्सच्या या मिश्रणाला तिकडे आफ्रोस्विंग म्हणतात. मात्र सगळा अल्बम एकाच साच्यातला नाही. ‘गुड टाइम’मध्ये नायजेरियाचा गायक बर्ना बॉय येतो आणि गाणं सरळ लेगॉसकडे झुकतं, ‘क्लार्टिन’ कडक रॅप आहे, तर ‘प्लॉटिन’ लंडनच्या गराज या क्लबमधल्या नाचाच्या संगीतावर चालतं. ही तीन लागोपाठ ऐका, लेबलाचा प्रश्न मागे पडेल.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर तसा बीट करून पाहिला. ट्रॅपच्या (हिपहॉपच्या एका प्रकाराच्या) ड्रम्सवर शेकर आणि कोंगा टाकले, पण नाच येत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : ट्रॅपचा सांगाडा तसाच राहिला म्हणून. १४० च्या टेम्पोवर (मिनिटाला १४० ठोके) स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, तिसऱ्या ठोक्याला पडतो आणि चाल निम्मी, म्हणजे ७० ची वाटते. वर कितीही कोंगा ओता, कंबर हलणार नाही. ट्रॅपचे ड्रम्स पुसा आणि टेम्पो १०० ते १०६ च्या दरम्यान ठेवा.

एका बारची, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाची, १६ घरं घ्या. किक (जड ड्रम) १, ५, ९, १३ वर. रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा ठोका) किंवा हलका स्नेअर ४, ७, १२, १५ वर. तोंडाने म्हणून पाहा : तकिट तकिट तक. तीन, तीन, दोन. आठ मात्रांत बसलं. केरवा वाजवणाऱ्याला हे दोन मिनिटांत जमतं. पहिल्या ‘त’वर किक येते, पुढच्या दोन गटांच्या सुरुवातीला रिम. बारच्या दुसऱ्या अर्ध्यात हेच पुन्हा.

शेकर सोळाही घरांवर, पण सगळे एकाच जोराने नकोत. सम आकड्यांच्या (२, ४, ६...) घरांचा आवाज निम्मा करा आणि स्विंग, म्हणजे त्याच घरांना किंचित उशीर, ५५ टक्के द्या. १०४ च्या टेम्पोवर याचा अर्थ सम घर साधारण १४ मिलिसेकंद उशिरा. एवढ्याने यंत्राचा वास जातो. ६० च्या पुढे गेलात की लंगडायला लागतं.

आता बेस. नवशिक्यांचा घोटाळा बहुधा इथेच होतो. ८०८ ची (८०८ ड्रम-मशीनच्या घुमणाऱ्या बेसची) लांब शेपटी पुढच्या किकवर पडते आणि दोन्ही चिखल होतात. नोट तोडा, किकच्या ठोक्याला बेस साइडचेनने (किक वाजताच बेस आपोआप दबवणाऱ्या सोयीने) ४-५ डेसिबल खाली घ्या आणि ८०८ गाण्याच्या सुरात लावा. हेडफोनवर दणका आणि मोबाइलवर बेस गायब असेल, तर थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी खरखर) द्या. ५५ हर्ट्झचा मूळ सूर मोबाइलच्या स्पीकरला पेलत नाही, त्यातून तयार होणारे वरचे हार्मोनिक (उपस्वर) मात्र ऐकू येतात.

प्रश्न : मराठी रॅप यावर बसत नाही. शब्द घाईत संपतात.

उत्तर : सोळाही घरं शब्दांनी भरू नका. १०४ वर ते सेकंदाला सात अक्षरं होतात, श्वास कुठे घेणार? बारला आठ ते अकरा पुरेत आणि ओळीचा शेवट १३ व्या घरावर सोडा. ‘आहे’, ‘होतं’ अशी क्रियापदं शेवटी ठेवून यमक ओढू नका, ओळ पडते. नामावर संपवा. जे हसच्या गाण्यांत रॅप आणि हुक (ध्रुवपद) यांच्यामध्ये अर्धवट गायलेल्या ओळी येतात. तेच करा : बारा बार रॅप झाल्यावर चार बार दोन-तीन सुरांत गुणगुणा आणि त्या जागी ड्रम्सही विरळ ठेवा.